बेंदराला गेलेला लाल रंग

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही काकवीची बाटली असणार. तसं नाही. मी एका तपासणी केंद्राच्या फळीवर सोळा वर्षं उभी राहिलेली जुनी बाटली आहे. माझी काच तपकिरी, बूचही काचेचंच, आणि बुडाशी एक गुलाबी कडं बसलेलं आहे. ते राखेने निघालं नाही, सोड्यानेही निघालं नाही. आता माझ्यात कोणी काही भरत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काचेला काय वाटायचं?

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून एका माणसाने मला नळीतून फुंकलं आणि साच्यात दाबलं. काच मुद्दाम तपकिरी केली, कारण माझ्यात जे भरायचं होतं ते उजेडाने बिघडतं. मग काही दिवस पुण्याच्या एका औषधभांडारात काढले. १९६१ साली भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, पत्र्याच्या ट्रंकेत घालून, एस.टी.च्या टपावरून मला वेल्ह्याकडे धाडलं. मी उतरले ते गाव वेल्ह्याच्या अलीकडे आहे. त्याचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. आभाळ मोकळं असलं की तिथून तोरणा दिसतो.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. तिथे कुष्ठरोगाची तपासणी होई. लोक त्याला महारोग म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. तपासणारे कुंडलिकराव भोरच्या बौद्धवाड्यातले, घरातले पहिले मॅट्रिक. काम नेटकं, अक्षर त्याहून नेटकं. हाताखाली शिपाई म्हणून गेनबा होता. तो गावातलाच, कुंडलिकरावांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. झाडलोट करावी, पाणी भरावं, आम्हा बाटल्या पुसाव्यात, आणि संध्याकाळी आपल्या बैलांकडे जावं, असा त्याचा दिवस.

माझ्यात लाल रंग असे. साधासुधा नव्हे. रंगाची भुकटी स्पिरिटात विरघळवायची, त्यात कार्बोलिकचं पाणी मिसळायचं, गाळायचं, की मी तयार. वासाला अगदी दवाखाना. हा रंग मुळात लोकरीसाठी आणि रेशमासाठी निघाला होता. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की जे डोळ्याला दिसत नाही त्यालाही रंग चढतो. जंतू पाण्यासारखे पारदर्शक असतात. भिंगाखाली धरले तरी दिसत नाहीत. त्यांना रंगवलं की दिसतात.

तुमच्या घरातही रंगाची कामं चालतात, पण तुम्ही त्यांना कामं म्हणत नाही. धोतर पांढरं दिसावं म्हणून आई पाण्यात नीळ टाकते. मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून धनगर गेरूचा पट्टा ओढतो. तोंड आलं की डॉक्टर जांभळं औषध लावतात आणि मग दोन दिवस तुम्ही हसायचं टाळता. मत देऊन आलेल्या माणसाच्या बोटावरची शाई तर तुम्ही पाहिलीच असेल. माझं कामही त्यातलंच होतं. फक्त माझ्या रंगावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरायचं.

तपासणी कशी व्हायची ते सांगते. कानाची पाळी चिमटीत दाबून धरायची, बारीकशी चीर द्यायची, आतला रस काचपट्टीवर पसरायचा. तो वाळला की त्यावर माझा रंग ओतायचा आणि खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा, वाफ येईपर्यंत. मग शेजारच्या बाटलीतल्या आम्लाने पट्टी धुवायची. बाकी सगळ्यांचा लाल रंग धुऊन जातो. या रोगाचे जंतू मात्र हट्टी. एकदा लाल झाले की आम्लालाही दाद देत नाहीत. शेवटी वरून निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. निळ्यात लाल काड्या दिसल्या तर रोग आहे. नाही दिसल्या तर माणूस घरी जातो.

सात वर्षं मी हे केलं. पुण्याहून वरिष्ठ डॉक्टर आले की मला उजेडाकडे धरून म्हणायचे, रंग छान ठेवलाय. मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

मग १९६८ सालचा बेंदूर आला. बेंदूर म्हणजे आषाढातला बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगांना हिंगुळाचा लाल रंग लावतात, वरून बेगड चिकटवतात आणि वाजतगाजत वेशीतून नेतात. त्या गावात कोरी शिंगं घेऊन बैल मिरवणुकीत नेणं म्हणजे घरात सुतक आहे असं सांगणं. गेनबाने त्या वर्षी नवा बैल घेतला होता, पाखऱ्या नावाचा. त्याचा हा पहिला बेंदूर. आणि नेमकी चार दिवस आधी घाटात दरड आली, एस.टी. बंद पडली, वेल्ह्याच्या बाजारात हिंगुळाची पुडी मिळेना. ज्यांनी आधी आणून ठेवला होता त्यांच्याकडे होता. गेनबाने आणला नव्हता.

कुंडलिकराव तेव्हा भोरला घरी गेले होते. सणाच्या सकाळी गेनबा बाटल्या पुसायला आला. मला पुसलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. बूच काढून बराच वेळ आत पाहत राहिला. मग एका लोट्यात त्याने निम्मा रंग ओतून घेतला आणि घागरीतलं पाणी घालून मी आधी होते तेवढी मला भरून ठेवलं. तपकिरी काचेतून काही फरक दिसत नव्हता. मी जड होते तेवढीच जड राहिले.

त्या दिवशीची पाखऱ्याची शिंगं गावात कोणी विसरलं नसेल. असा लाल कोणाच्याच बैलाला नव्हता. पावसाची सर येऊन गेली तरी ओघळला नाही. बैलाला दवाखान्याचा वास येतोय म्हणून कोणीतरी चेष्टा केली. लोक म्हणाले, धनी दवाखान्यात कामाला, मग बैलाला वास येणारच. दुपारी उशिरा कुंडलिकराव दरडीवरून चालत, चिखलाने भरून गावात पोचले, तेव्हा मिरवणूक केंद्रासमोरून चालली होती. ते थांबले आणि म्हणाले की गेनबा, यंदा रंग काय चढलाय. गेनबाचा त्यांना सांगायचा विचार होता, असं तो पुढे म्हणाला. पण कौतुक ऐकल्यावर त्याची जीभ उचलली नाही. त्याने बोटं पाठीमागे लपवली. ती पंधरा दिवस लाल होती.

त्यानंतरच्या गुरुवारी बनाबाई आली. वय वीस-बावीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, डोंगराकडच्या एका वाडीची सून. सोबत सासू सगुणाबाई होती. बनाबाईच्या कानाच्या पाळ्या थोड्या जाड झाल्या होत्या आणि पाठीवर एक फिकट डाग होता. वाडीत कोणीतरी शंका काढली आणि शेजारणींनी तिच्या हातचं ताक घेणं बंद केलं. सगुणाबाईने कुंडलिकरावांना बजावून सांगितलं की जे काय असेल ते आजच सांगा, रोग निघाला तर हिला इथूनच माहेरी धाडते, घरात लहान पोरं आहेत.

कुंडलिकरावांनी पिसाने आणि टाचणीने डाग तपासला. या रोगात बहुधा डाग बधिर होतो, पण बनाबाईला सगळं कळत होतं. हा रोग सुरुवातीला कधीकधी असा येतो की कातडीला सगळं कळतं, आणि मग खरं काय ते काचपट्टीच सांगते. त्यांनी पाळीचा रस घेतला. दिव्यावर वाफ येताना बनाबाईने विचारलं की हा लाल रंग कशाला. ते म्हणाले, लुगड्याचा कच्चा रंग धुतला की जातो, पक्का राहतो. या जंतूंना रंग पक्का बसतो. ती म्हणाली की तिच्या लुगड्याचाही रंग पक्का म्हणून दुकानदाराने शपथ घेतली होती आणि तो पहिल्या धुण्यालाच गेला. सासूसकट सगळे हसले. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसताना ती तोंडावर पदर घेत असे.

माझा रंग त्या पट्टीवर पडला आणि मला कळलं की तो पुरायचा नाही. चिकटला, पण वरवर. आम्लाने धुतला तसा सगळाच निघून गेला. बाहेर ढगाळ होतं, सूक्ष्मदर्शकाच्या आरशात उजेड अपुरा होता. कुंडलिकराव बराच वेळ पाहत होते. त्यांना निळंच निळं दिसलं. त्यांनी वहीत लिहिलं, जंतू नाहीत, आणि खाली सही केली.

बनाबाई ओट्यावरून उतरताना सासूच्या पुढे चालत होती. गेनबाने दोघींना प्यायला पाणी दिलं. मी फळीवर होते. वाईट वाटलं असं सांगायला हवं, पण खरं सांगते, काही वाटलं नाही. मी बाटली. माझ्यात जे ओततील ते मी बाहेर देते.

नवा रंग दसऱ्याला आला. तोवर माझ्यातून सोळा काचपट्ट्या रंगवल्या गेल्या. सोळाही स्वच्छ. वरिष्ठ डॉक्टर आले, वही पाहिली आणि म्हणाले की तुमच्या भागात रोग हटतोय, शाबास. कुंडलिकरावांनी मान खाली घालून शाबासकी घेतली. मग मला धुऊन, नवा रंग भरून परत जागेवर ठेवलं.

दीड वर्ष गेलं. १९७० च्या माघात सगुणाबाई आणि बनाबाई पुन्हा आल्या. या वेळी सासू पुढे होती. बनाबाईच्या उजव्या हाताला फडकं बांधलं होतं. फडकं सोडून पाहिलं तर दोन बोटांची कातडी गेलेली.

कुंडलिकरावांनी विचारलं की हे कसं झालं. उत्तर सासूने दिलं.

"भाकरी करत हुती. मला जळल्याचा वास आला. म्हनलं भाकरी करपली, म्हून बगितलं तर भाकरी न्हवं, हिची बोटं. तव्याला टेकलेली. आन ही माज्याशी बोलतीय, हसतीय. हिला ठावंच न्हाई."

कुंडलिकरावांनी बनाबाईला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना टाचणी लावली. कुठे लागलं ते सांगा म्हणाले. ती बराच वेळ वाट पाहत राहिली. मग तिने विचारलं, लावली का?

त्यांनी नवी काचपट्टी केली. माझा रंग आता पुरा होता. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांचे पुंजके होते, मोजायची गरज नव्हती. त्यांनी तिला पांढऱ्या गोळ्या दिल्या, पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं, आणि सगुणाबाईला समजावलं की गोळ्या सुरू झाल्या की घरच्यांना भीती उरत नाही. दोघी गेल्या.

मग त्यांनी जुनी वही काढली. स्वतःची सही पाहिली. जुन्या पट्ट्या ते फेकत नसत, एका लाकडी पेटीत क्रमाने ठेवत. बनाबाईची दीड वर्षापूर्वीची पट्टी त्यांनी शोधून काढली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तिच्यावर घातलेलं तेल पुसलं आणि तीच पट्टी पुन्हा रंगवली. या वेळी तिच्यावर माझा पुरा रंग होता. पाहिलं. लाल काड्या होत्या. तेव्हाही होत्या. त्यांना रंग पक्का बसला नव्हता एवढंच.

दोन दिवस ते त्या वेळच्या सगळ्या पट्ट्या रंगवत बसले. उरलेल्या पंधरा स्वच्छच निघाल्या. रंग कच्चा होता हे उघड होतं, का ते कळत नव्हतं. ते पुण्याच्या भांडाराला पत्र लिहायला बसले, की तुमच्या माणसाने तेव्हा पातळ रंग पाठवला, त्याची चौकशी व्हावी. गेनबा दारात उभा होता. काय लिहिताय म्हणून त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं.

गेनबा खाली बसला. म्हणाला, "सायेब, त्यो मानूस मोकळा हाय. म्या घेतला हुता रंग. बेंदराला. पाखऱ्याच्या शिंगांला. निम्मी बाटली घेतली आन पानी घालून ठिवली."

कुंडलिकराव ओरडले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं की सांगितलं का नाही.

"रंगच हुता वो. म्हनलं थोडा पातळ झाला तर काय बिगडतंय. लाल तर दिसतंय."

मग कुंडलिकराव म्हणाले की चूक त्यांचीही आहे. आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी रंगाचं काम समजावलं होतं, आणि नऊ वर्षं जो माणूस रंगाच्या बाटल्या पुसत होता त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. शिवाय रोज काम सुरू करताना एक ओळखीची, खात्रीने जंतू असलेली पट्टी आधी रंगवून रंगाची परीक्षा घ्यायची असते. दरडीनंतर कामं साचली होती, म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती. परीक्षा घेतली असती तर पहिल्याच दिवशी रंग पकडला गेला असता.

त्यांनी गेनबाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून, आरसा हलवून, कसं पाहायचं ते दाखवलं. गेनबाला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं.

"ह्या लाल काड्या, ह्या कुनाच्या?"

"बनाबाईंच्या. त्या गुरुवारच्या."

गेनबाने डोळा काढला नाही. कुंडलिकराव बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. मित्रांनो, तेव्हा मात्र मला लाज वाटली. इतकी वर्षं मी मिरवत होते की दिसत नाही ते मी दाखवते. आणि ज्या दिवशी दाखवायचं होतं त्या दिवशी मी गुपचूप उभी राहिले.

पुढच्या गुरुवारी सासू-सून गोळ्यांसाठी आल्या. कुंडलिकरावांनी दोघींना बसवलं आणि चूक केंद्राची आहे, आपल्या सहीची आहे, असं सांगायला सुरुवात केली. गेनबाने त्यांना थांबवलं. म्हणाला, म्या सांगतो. त्याने बेंदूर सांगितला, दरड सांगितली, लोटा सांगितला. काही लपवलं नाही आणि रडलाही नाही. सगुणाबाई ऐकता ऐकता उठून उभी राहिली. ती परत बसली.

बनाबाईने कुंडलिकरावांना विचारलं, "तवा ह्या बोटांना पुना कळंल का?"

"रोग थांबेल. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण थांबेल. बोटांचं मात्र सांगता येत नाही, ताई. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर इथवर आलं नसतं."

ती आपल्या हाताकडे पाहत होती, दुसऱ्याच कोणाचा असावा तशी. मग तिने गेनबाकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मामा, तवाच सांगायचं हुतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

गेनबाने मान हलवली.

सगुणाबाईने सुनेला माहेरी धाडलं नाही. का ते तिने कधी सांगितलं नाही. वाडीतल्या बायका कुजबुजल्या तेव्हा ती सगळ्यांदेखत सुनेच्या ताटात जेवायला बसली, असं मी ऐकलं. गेनबाने बाभळीच्या लाकडाची लांब मूठ घालून एक उलथणं करून दिलं. बनाबाई ते वापरते. गोळ्यांनी रोग थांबला, पुढच्या पट्ट्या निळ्याच निघाल्या, आणि त्या वेळी माझा रंग पुरा होता. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच. काहीही धरण्याआधी ती डोळ्यांनी पाहून घेते, कारण हात तिला काही सांगत नाहीत.

त्यानंतर केंद्रात रोज सकाळी ओळखीची पट्टी आधी रंगवली जाऊ लागली, आणि ती गेनबा रंगवत असे. रंग पक्का चढल्याशिवाय तो कोणालाच आत बसू देत नसे. पेन्शनीत निघेपर्यंत त्याने हे केलं. गेल्या वर्षी पारदर्शक बाटल्या आल्या, रेघा आखलेल्या, म्हणजे कोणी काही काढलं तर दिसावं. मला धुऊन कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. तिथे जुन्या वह्या आहेत आणि झुरळं आहेत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते की आम्हाला नीट सांभाळा, फोडू नका, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फोडलंत तरी चालेल. मागणं एवढंच आहे. कधी तुमच्या हातून असं पाणी मिसळलं जाईल. दुधात नाही, औषधात नाही, तर कुठल्यातरी अशा गोष्टीत की जिचं काम तुम्हाला ठाऊक नाही. बाहेरून फरक दिसणार नाही. लोक तुमच्या बैलाचं कौतुक करतील. अशा वेळी त्याच संध्याकाळी जाऊन सांगा. फार तर कोणी रागावेल. गेनबा वाईट माणूस नव्हता, त्याला दीड वर्ष उशीर झाला. मीही सगळं पाहत होते, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.